टेकडीपर्यंतची रेंज

हुंडा नको, मानपान नको, पोरगी आणि नारळ एवढंच द्या, असं म्हणणारा व्याही भेटला तर पोरीच्या बापानं काय करावं? शहाणा असेल तर दोनदा विचारावं, चार ठिकाणी चौकशी करावी. धोंडिराम शहाणा होता, पण पोरीचा बाप होता. त्यानं चौकशी केली नाही. उलट अशा देवमाणसाला आपण काय द्यावं, या विचारानं त्याला चैन पडेना. शेवटी त्यानं व्याह्याचा कॉर्डलेस फोन सुधारून द्यायचं ठरवलं.

आता कुणी म्हणेल, हा काय आहेर झाला? पण धोंडिरामला दुसरं येत काय होतं? सैन्याच्या सिग्नल विभागात सोळा वर्षं वायरलेस सेट उघडून बंद करण्यात गेली. हवालदार होऊन घरी आला तो वाईजवळच्या आपल्या गावात रमला नाही. कुपवाडला कारखान्यांच्या रस्त्यावर त्यानं रेडिओ, टीव्ही, फोन दुरुस्तीचं दुकान टाकलं. एखादा बंद पडलेला सेट समोर आला की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. "ह्यांचं लगीन माझ्यासंगं न्हाई, त्या पेटाऱ्यासंगं झालंय," असं त्याची बायको आक्काताई येईल त्या पाहुण्याला सांगायची.

व्याही तात्याबा कवठे महांकाळच्या बाहेर मळ्यात राहायचे. एस.टी.त कंट्रोलर होते. जन्मभर स्टँडवर गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या रानातला माणूस वळून बघायचा. निवृत्त झाल्यावर दोन एकर द्राक्षबाग केली. फोन घरात, आणि बाग टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. व्यापाऱ्याचा फोन यायचा आणि माणूस बागेत अडकलेला असायचा. म्हणून मुंबईच्या कुणाकडून तरी कॉर्डलेस आणवला. तो शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत नीट चालायचा आणि गोठा ओलांडला की नुसता खरखरायचा.

"आवं, फोन कसला त्यो! दावणीला बांधलेली शेळी हाय," तात्याबा सुपारीच्या दिवशी म्हणाले होते.

लग्न अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतलं. ते आठ दिवसांवर आलेलं असताना एका रविवारी सकाळी धोंडिराम स्कूटरला हत्यारांची पिशवी अडकवून मळ्यात पोचला. मोठ्या पल्ल्याच्या एका मोडक्या सेटातली वायरलेसची दोन कार्डं त्यानं महिनाभर खपून तयार केली होती. एक हँडसेटच्या पोटात बसवायचं, त्याचं जोडीदार घरातल्या फोनच्या डब्यात. छपरावर पाइप उभा करून त्याला एरियल. एवढं केलं की फोन टेकडीपर्यंत जायला हरकत नव्हती. पण चालेल असं तो बोलला नाही. सेट चालेपर्यंत चालेल म्हणायचं नाही, ही त्याची पलटणीतली सवय.

"बगतो प्रयत्न करून," तो तात्याबांना म्हणाला. "न्हाई झालं तर जुनं कार्ड परत घालून दीन."

"न्हाई झालं तरी काय बिगाडतंय! तुमी च्या घ्या आदी," तात्याबा गरजले.

प्रशांत, म्हणजे होणारा जावई, छपरावर मदतीला आला. सव्वीस वर्षांचा, शेतीची पदविका घेतलेला, बागेची सगळी फवारणी-छाटणी स्वतः बघणारा. तीन वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरून त्याची मांडी मोडली होती, तेव्हापासून डावा पाय किंचित ओढायचा. दिवाळीत काविळीनं मिरजेला आठ दिवस पडला होता, तेवढा जरा उतरला होता. पण अंगात आळस नाही. पाइप धरायला सांगितला तर गडी नुसता धरून उभा राहिला नाही, "मामा, एरियल उंच केल्यावर कार्डाला का फरक पडतो?" असं विचारत राहिला. धोंडिरामला पोरगा नव्हता. दुकानात बसून असलं कुणी विचारावं ही त्याची जुनी भूक होती. सांगता सांगता त्याचं एरियलकडचं लक्ष उडालं आणि पाइप दोनदा वाकडा बसला.

दुपारी जेवणं झाल्यावर हँडसेटचे स्क्रू आवळून धोंडिराम उठला. "चला जावाई, पल्ला मोजून येऊ."

पल्ला मोजायची त्याची रीत ठरलेली होती. फोन चालू करून कानाला लावायचा आणि डायल टोन ऐकत चालत सुटायचं. टोन जिथं फाटेल तिथं खूण करायची. टोन थांबला की बंद करून पुन्हा चालू करायचा. गोठा मागं पडला, टोन स्वच्छ. विहीर मागं पडली, तरी स्वच्छ. बागेचा शेवटचा खांब आला, तेव्हा धोंडिराम हसायला लागला. दोघं टेकडी चढले. वर एका सपाट दगडावर प्रशांत पाय चोळत बसला. खाली घर मुठीएवढं दिसत होतं.

"मामा, अर्धा किलोमीटर सहज असंल," प्रशांत म्हणाला.

"जास्तीच. पर टोन म्हंजी काय खरं न्हवं. घंटी वाजली पायजे हितं. बाहेरनं फोन आला आणि ह्यो हितं वाजला, की मी जिकलो."

त्यानं फोन बंद करून हातात धरला आणि दोघं वाट बघत बसले. रविवारची दुपार, कोण फोन करणार? दहा मिनिटं गेली. प्रशांत हळू आवाजात अक्षताचं, धोंडिरामच्या शिक्षिका पोरीचं, विचारायला लागला. ती शाळेतून किती वाजता येते, तिला बागेतलं काम आवडेल का, का ती इथल्याच शाळेत बदली मागेल. धोंडिराम उत्तरं देत होता आणि मनातल्या मनात पोरीच्या नशिबाला हात जोडत होता. एवढ्यात हातातला फोन वाजला.

धोंडिराम उडालाच. पन्नाशीला टेकलेलं वय विसरून त्यानं प्रशांतच्या पाठीत धपका घातला, बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. घरात आतल्या खोलीत त्याच लाइनवर एक साधा फोनही होता. तात्याबांनी तोही उचलला असावा, कारण त्यांचा आवाज असा खणखणीत आला, की स्टँडवर मिरज गाडी लागलीय असं वाटावं. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही हे धोंडिरामला कळत होतं. तो लगेच बंदही करणार होता. पण आपलं काम जावयाला ऐकवल्याशिवाय कसं राहवेल? त्यानं फोन दोघांच्या मधे धरला, प्रशांतनं कान जवळ आणला. दोन टाळकी एकमेकांना चिकटली.

"तात्याबा, पुण्याचा रिपोर्ट आलाय," पलीकडचा माणूस म्हणत होता. आवाज शांत, शिकलेला. "तोच आहे. आता शंका उरली नाही."

"आवं डाक्टर, रगात बदललं असंल कुणाचं तरी. परत बगा की."

"दोनदा बघितलं. प्रशांतला एच.आय.व्ही. आहे. दिवाळीत कावीळ झाली तेव्हाच मला शंका आली होती, मी तुम्हाला बोललो होतो. कशानं झालं हे आता सांगता यायचं नाही. अपघातात बाटल्या चढवल्या होत्या त्यानं असेल, आणखी कशानं असेल. ते सोडा. तुम्ही त्याला सांगितलंत का?"

"न्हाई."

"आणि मुलीकडच्यांना?"

तात्याबा नुसते खाकरले.

"अहो, त्या मुलीलाही होईल. उद्या मूल झालं तर त्यालाही होईल. मी गेल्या महिन्यात हात जोडून सांगितलं होतं, लग्न थांबवा."

"पत्रिका वाटल्यात डाक्टर. आता कसं थांबवू? आणि पोरीचा बाप साधा माणूस हाय. काय सुदिक इचारत न्हाई."

तात्याबांच्या पाठीमागून राहीबाईंचा, प्रशांतच्या आईचा, आवाज आला. "ठेवा म्हणावं लवकर. पोरगं येईल."

धोंडिरामला ऐकलेला शब्द न् शब्द कळत होता आणि तरी डोक्यात शिरत नव्हता. काय सुदिक इचारत न्हाई. तो साधा माणूस म्हणजे आपण, हे त्याला जरा वेळानं उमगलं. मग पहिली भावना सुटकेची झाली, आणि ती खोटं कशाला बोला, आनंदाचीच होती. आपली अक्षता वाचली! आठ दिवस अलीकडं का होईना, वाचली! तिच्यामागून संताप आला. असा, की हातातला फोन दगडावर आपटून त्याचे तुकडे तात्याबाच्या दारात नेऊन टाकावेत.

आणि मग त्याला आठवलं, की आपल्या गालाला एक गाल चिकटलेला आहे.

प्रशांत हलला नव्हता. त्याचे डोळे खालच्या मुठीएवढ्या घरावर होते. ओठ पांढरे पडले होते. त्यानं धोंडिरामच्या हातातून फोन काढून घेतला, अगदी सावकाश, मोठ्यांच्या हातातून वस्तू घ्यावी तसा.

"डॉक्टर, मी प्रशांत बोलतोय," तो म्हणाला. "तो रिपोर्ट माझा हाय का?"

तात्याबा ओरडले, "कोण? कोण हाय लायनीवर?"

"मीच हाय, आण्णा. टेकडीवरनं. मामा बी हायेत हितं. डॉक्टर, मला सांगा."

"प्रशांत," डॉक्टर म्हणाले. "तू उद्या माझ्याकडे ये. फोनवर नको. घाबरू नकोस, पण ये."

"म्हंजी माझाच हाय."

खट्ट करून तात्याबांनी घरातला फोन आपटला. डॉक्टरांनीही ठेवला असावा. डायल टोन परत आला, तसाच स्वच्छ. प्रशांतनं तो बराच वेळ ऐकला.

"मामा, मला खरंच म्हाईत न्हवतं," तो म्हणाला.

धोंडिरामला पोराच्या खांद्यावर हात ठेवावा एवढं तरी सुचायला हवं होतं. त्यानं नुसती मान हलवली. प्रशांत पाय ओढत उतरायला लागला आणि तो मागून चालला.

अंगणात तात्याबा उभे होते. राहीबाई दाराच्या चौकटीला धरून होत्या. चोरी सापडली की माणूस खाली बघतो, असं धोंडिरामला वाटत होतं. तात्याबा खाली बघत नव्हते. ते छपरावरच्या एरियलकडं बघत होते.

"तुमाला रेंज वाडवायला सांगितली कुणी हुती?" ते धोंडिरामवर कडाडले. "म्या मागितली हुती का? चालत हुता तेवडा चालत हुता!"

धोंडिराम आ वासून बघत राहिला. पोरीच्या जन्माची राख करायला निघालेला माणूस त्यालाच जाब विचारत होता! उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"माझी पोरगी मेली असती, तात्याबा."

"आमचं पोरगं मरतंयच की!" राहीबाई एकदम बोलल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "एक नातवंड बगायचं हुतं वो. एकच. त्येच्या मागं काय तरी ऱ्हावं. तुमच्या लेकीला आमी दुकलं-खुपलं कळू दिलं नसतं. फुलावानी जपली असती."

आणि बाई खोटं बोलत नव्हती. धोंडिरामला सगळ्यात मोठा धक्का बसला तो इथं. तिनं खरंच जपली असती. सकाळपासून तिनं त्याला तीनदा चहा दिला होता, अक्षताला आवडतात म्हणून सांडगे डब्यात भरून ठेवले होते. ही चांगली माणसं होती. चांगल्या माणसांनी घरात बसून, चहा पीत, हे ठरवलं होतं.

प्रशांत आईबापाशी एक शब्द बोलला नाही. आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आला. "मामा, मला कुपवाडला घेऊन चला."

"कशाला?"

"लगीन मोडलं की बट्टा पोरीला लागतो. लोक म्हणत्यात, पोरीतच काय तरी असंल. तुमी सांगितलं तर कोण इस्वास ठेवायचं न्हाई. खोट माझ्यात हाय, ते मीच सांगतो. तिला, आणि ज्यास्नी पत्रिका गेल्यात त्यास्नी बी."

चाळीस किलोमीटर दोघं एका स्कूटरवर आले. मिरजेच्या अलीकडं फाटक लागलं, तिथं थांबावं लागलं, तेवढ्यात प्रशांतनं एकदा विचारलं, "मामा, दूर बसू का जरा?" धोंडिरामनं ऐकलं नाही असं दाखवलं. रेल्वे गेली, फाटक उघडलं.

घरी आक्काताईनं जावई बघितला आणि तिचा चेहरा फुलून आला. लग्नाआधी पोरगा दारात आलेला चालतो का, म्हणून तोंडानं ओरडत ती आत पळाली आणि रुखवतासाठी आणलेल्या नव्या स्टीलच्या ग्लासांतला एक काढून पाणी घेऊन आली. प्रशांत घटाघटा प्यायला. तहान लागली असणारच. मग ग्लास खाली ठेवून त्यानं अक्षताला बाहेर बोलवा म्हणून सांगितलं, आणि ती आल्यावर, तिच्याकडं बघत, सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. रोगाचं नाव घेतलं, तेव्हा आक्काताईनं तोंडावर पदर दाबला आणि मटकन खाली बसली.

अक्षता भिंतीला टेकून उभी होती.

"तुमाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

"आज दुपारी."

"म्हंजी तुमी मला फसवत न्हवता."

"न्हाई."

मग ती रडली. अगदी लहान पोरासारखी, आवाज करून रडली. प्रशांतचेही डोळे वाहत होते, पण तो जागचा उठला नाही. दोघांच्या मधे चार हातांचं अंतर होतं. धोंडिरामला हे बघवेना. इथं आपण काहीतरी करायला हवं, काहीही, असं वाटून तो उठला, आणि त्याला समोर तो ग्लास दिसला.

त्यानं तो उचलला. कडेला नाही, बुडाला धरून, दोन बोटांत. अंगापासून लांब धरून तो मागच्या दाराकडं निघाला. मागं उकिरडा होता. ग्लास कुठं न्यायचा हे त्यानं ठरवलं नव्हतं, पायांनी ठरवलं होतं.

"बाबा," अक्षता म्हणाली. रडणं थांबलं होतं. "ग्लास घिऊन कुठं निगालाय?"

तो थांबला. का कोण जाणे, त्याला आपला बाप आठवला. नऊ वर्षांचा होता तो. बाप पलटणीतून सुट्टीवर आला होता, कडक इस्त्रीचे कपडे, छातीवर पट्ट्या. गावातल्या वरच्या आळीतल्या एका घरी निरोप द्यायला गेला आणि बोलता बोलता ओट्याच्या कडेला जरा टेकला. दोघं माघारी वळले तशी त्या घरची बाई बादली घेऊन बाहेर आली आणि ओटा धुवायला लागली. बापानं मागं वळून बघितलं नव्हतं. धोंडिरामनं बघितलं होतं. ती बाई रागात नव्हती, शिव्या देत नव्हती. रोजचं एक काम करावं तशी ओटा धूत होती.

हातातला ग्लास त्याला एकदम जड झाला. आता मागं फिरावं, ह्याच ग्लासात पाणी ओतून प्यावं, निदान फळीवर बाकीच्या ग्लासांत नेऊन ठेवावा, हे सगळं त्याला सुचत होतं. हात ऐकत नव्हते. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची त्याला एवढी लाज वाटत होती की घरातल्या कुणाकडं बघण्याचं धाडस होईना.

प्रशांत उठून जवळ आला होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्यानं हात पुढं केला.

"द्या मामा," तो म्हणाला. "मी घासून ठेवतो."

आणि धोंडिरामनं ग्लास त्याच्या हातात देऊन टाकला.